बदलाचं कारण

भूषणची आणि माझी पहिली भेट धुळे-पारोळा एसटीत झाली, आणि तीही भांडणाने. म्हणजे भांडले मी. तो नुसता हसत होता.

खिडकीची जागा मी रुमाल टाकून धरली होती. परत येऊन बघते तर रुमालावर एक स्टीलचा जेवणाचा डबा ऐटीत बसलेला!

"हा डबा उचला."

"तुम्हीच जरा मांडीवर घेता का? माझे हात..." त्याच्या हातात फुटक्या मोबाइलांनी भरलेलं खोकं होतं. "फक्त हलवू नका हं. आत शाळा शे."

"शाळा आहे?"

"पहिली ते चौथी. पाचवीचं काम चालू आहे."

त्याने झाकण उघडून दाखवलं. आत काडेपेटीपेक्षा जरा मोठी हिरवी पट्टी आणि दोन वायरी. डबा चालू केला की आजूबाजूच्या मोबाइलांवर धडे दिसतात, इंटरनेट लागत नाही, काच फुटलेला मोबाइलही चालतो, असं तो सांगत होता. धुळ्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टाकून दिलेलं सामान जोडून तो हे डबे बनवायचा.

"महाग असेल," मी म्हटलं.

"तुमच्या सँडलपेक्षा थोडा जास्त. धडे मात्र फुकट. त्यांना कुलूप नाही. कुणीही घ्यावेत, कुणीही बदलावेत."

आता याने माझ्या सँडल कधी पाहिल्या, हा प्रश्न मला पारोळा येईपर्यंत पुरला.

माझी शाळा पारोळ्यापासून आठ किलोमीटर आत. दोन खोल्या, चौतीस मुलं, आणि मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. मी पहिलीच्या मुलांना "इकडे या" म्हटलं की ती माझं तोंड बघत राहत. खिचडी शिजवणाऱ्या धुरपदाबाईने "आठे या रे" म्हटलं की धावत सुटत. पुस्तकाची भाषा आणि घरची भाषा यांत पोरांचं पहिलं वर्ष असंच वाया जायचं. मी मागवलेला डबा भूषणने शाळेत येऊन बसवला त्या दिवशी मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुमच्या आवाजात अहिराणी धडे करू या की!"

दर शनिवारी तो मोटारसायकलवरून यायला लागला. आवाज घुमू नये म्हणून मी डोक्यावरून गोधडी घेऊन बोलायची आणि तो बाहेर वायर धरून उकिडवा बसायचा.

"पुनम मॅडम, श्वास ऐकू येतोय."

"मग काय करू? थांबवू?"

"नको... राहू दे तो."

गोधडीच्या आत माझे कान तापले. आमच्या खानदेशात कंडक्टरला भाऊ, भाजीवाल्याला भाऊ, साहेबालाही भाऊच. पण या माणसाला भाऊ म्हणायचं मी पहिल्या दिवसापासून शिताफीने टाळलं होतं.

आमच्या कामाची एक रीत होती. कुणीही धडा बदलला की यादीत त्याचं नाव येई, आणि खाली एक रकाना असे— 'बदलाचं कारण'. तो भरल्याशिवाय बदल पुढे सरकतच नसे. मग चावी असलेल्या कुणीतरी मंजुरी द्यायची, तेव्हा तो सगळ्या डब्यांत जाई. एक चावी भूषणकडे होती. दुसरी त्याने दिवाळीनंतर मला दिली. चावी म्हणजे नुसता पासवर्ड, पण त्याने तो कागदावर लिहून, घडी घालून माझ्या हातात ठेवला. स्वतःच्या धड्याला स्वतःच मंजुरी द्यायची नाही, असा नियम त्याने केला नव्हता. तशी वेळ येईल असं त्याला वाटलंच नसावं.

आणि मग आली ऋतिका!

ती पहूरची. जामनेरकडची बोली आमच्याहून वेगळी, म्हणून तिकडच्या नऊ शाळांसाठी तिने वेगळे धडे करायला घेतले. करू दे की. मला काय त्याचं? पण शनिवारी भूषण आला तो गाडी उभी करता करताच म्हणाला, "ऋतिकाची वजाबाकी ऐकलीत का? कमाल केलीय पोरीने!"

"ऐकते," मी म्हटलं. ऐकली नाही.

त्यानंतर मला एक नवाच रोग जडला. शाळा सुटली की पाण्याच्या टाकीवर चढायचं आणि यादी उघडायची. ऋतिकाचा धडा दुपारी दोनला आला, मंजुरी तीनला. खाली भूषणचा शेरा— 'वा!' माझा धडा सोमवारी गेला, मंजुरी गुरुवारी. शेरा— 'ठीक'. मला ठीक, तिला वा! आणि हे एकदा नाही, पाच वेळा. मी मोजलं होतं.

मग एका शनिवारी तो आलाच नाही. 'पहूरला जातोय,' एवढाच निरोप. पुढच्या शनिवारीही पहूर. धुळ्याहून पहूर म्हणजे काय पुढची गल्ली आहे? एवढं काय अडलंय तिथे?

"तुले काय व्हयनं वं बाई?" धुरपदाबाई म्हणाली. "मी आत्तेच मीठ टाकं, नि तू परत टाकी दिधं."

"काही नाही हो."

"काही नही कसं? त्या पोऱ्या दोन शनवार उना नही, नि तू बठ्ठा पोरंसवर खेकसी ऱ्हायनी."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी टाकीवर बसून ऋतिकाचे धडे पहिल्यांदाच नीट ऐकले. आवाज स्वच्छ, गोड, जरा सावकाश. प्रत्येक शब्द हात धरून पुढे नेणारा. दोष सापडेना. दोष सापडेना म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी तिचे अकराच्या अकरा धडे काढले, त्या जागी माझे टाकले, आणि रकान्यात लिहिलं— 'आवाज अस्पष्ट'. मग स्वतःच्या हाताने मंजुरी दिली. टाकीवरून उतरले तेव्हा मला फार शांत वाटत होतं. ते सांगायलाही आज लाज वाटते.

सोमवारी सकाळी, जिथे रेंज असते तिथले डबे नवे धडे आपोआप उतरवून घेतात. पहूरला चांगली रेंज आहे.

मंगळवारी मी टाकीवर होते तेव्हा फोन आला. मला वाटलं भूषण. पण आवाज तिचा होता.

"पुनमताई, मी ऋतिका. तुमचा दोन मिनिटं वेळ घेऊ का?"

मी भांडणाच्या तयारीने पदर खोचला. पण ती भांडेचना.

"मुलं काल जरा बावरली. नवा आवाज, बोलीही तुमच्याकडची. एक तर रडलीच. पण तुम्ही लिहिलंय ते... बरोबरच असणार. लहानपणी मी खूप अड... अडखळायचे, ताई. वर्गात सगळे हसायचे. आता ते गेलं असं मला वाटलं होतं. भूषणभाऊही बरं म्हणायचे, पण ते सगळ्यांनाच बरं म्हणतात. तुम्ही खरं लिहिलंत. आता मी नुसतं लिहून देत जाईन, बोलेल दुसरं कुणी."

ती त्याला भाऊ म्हणाली. एरवी मी त्या एका शब्दावर जीव ओवाळला असता. पण आता मला तिचं ते 'अड...'च ऐकू येत होतं.

"ऋतिका, तसं नाही..." मी म्हटलं, आणि तेवढ्यात रेंज गेली.

मी तिथेच बसून रडले. रेंज परत आली तेव्हा डोळे पुसले आणि तिचे अकरा धडे जागेवर ठेवले. रकाना समोर आला— बदलाचं कारण. 'चुकून' असं लिहिता आलं असतं. डबे बसवलेल्या शाळांतले सत्तर-ऐंशी शिक्षक ती यादी बघतात. मी लिहिलं— 'ऋतिकाचा आवाज स्वच्छ आहे. मी जळून खोटं कारण लिहिलं होतं. पुनम.'

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. भूषणचा ना फोन, ना शेरा. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याची गाडी आली. तो उतरला, पण हेल्मेट काढेना.

"मी तुम्हाला चावी दिली होती," तो म्हणाला.

"हो."

"विश्वासाने दिली होती."

"हो."

"ती पोर चार दिवस शाळेत तोंड उघडत नाहीये. तुमचं यादीतलं वाचूनही म्हणते, ताईंनी माझी दया येऊन लिहिलं."

धुरपदाबाई पातेलं घासायची थांबली होती.

"का केलंत?"

"लिहिलंय की यादीत."

"जळून, एवढंच लिहिलंय. कशावर जळून ते लिहिलेलं नाही."

"तिला एका तासात मंजुरी. मला चार दिवस. तिला वा, मला ठीक. तिच्याकडे दोन-दोन शनिवार, आणि मी इथे..." माझा आवाज चिरकला. "मला वाटलं तुम्ही तिचे झालात. आणि मला ते सहन झालं नाही. झालं समाधान?"

त्याने हेल्मेट काढलं. कान लाल झाले होते.

"पहूरच्या शाळेवर माकडांनी उड्या मारून सोलरची पाटी फोडली. ती बसवायला दोन शनिवार गेले. आणि तिचे धडे मी एकदा ऐकतो, चांगले असतात, पुढे पाठवतो. तुमचे..."

"माझे काय?"

"तुमचे पाठवावेसे वाटत नाहीत. चार दिवस दुकानात लावून ठेवतो. आता गिऱ्हाइकांनाही सातचा पाढा पाठ झालाय." तो खाली बघत म्हणाला. "यादीत सगळ्यांसमोर काय लिहिणार? म्हणून ठीक लिहितो."

"माय वं!" धुरपदाबाई मागून म्हणाली. "एवढं सांगाले एक वरीस लागनं का रे तुले?"

मला हसू आलं आणि रडूही. तो मात्र अजून हसत नव्हता.

"पण चावी परत हवी मला. ती मी ऋतिकाला देणार. यापुढे तुझे धडे ती तपासेल."

तो मला तू म्हणाला. पहिल्यांदा. आणि त्याच वाक्यात ती होती! छातीत पुन्हा चटका बसला, खोटं कशाला बोलू? पण मी पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला.

"मीच देते तिला. चल पहूरला."

"तीन तास लागतील."

"एवढे?"

"दोन लागतात. तू मागे असलीस की गाडी हळू चालेल."

जळगाव मागे पडलं, केळीच्या बागा संपल्या, आणि मी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढायचं विसरून गेले. पहूरला पोचलो तेव्हा ऋतिका घराच्या ओट्यावर वह्या तपासत होती. आम्हाला बघून ती उठली. तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या माझ्या हातावर गेली. मग भूषणच्या चेहऱ्यावर. तिथे ती क्षणभर थांबली— फक्त क्षणभर— आणि मग तिने वह्या गोळा करायला घेतल्या, एक खाली पडली, ती उचलायला बराच वेळ लावला. भूषणला काहीही दिसलं नाही. पण महिनाभर मी त्याच आगीत होते, मला ओळखता आलं.

"या ना, बसा," ती म्हणाली, हसून, एकदाही न अडखळता. "भूषणभाऊ, आधी कळवायचं तरी. चहा ठेवते."

मी तिच्या मागे आत गेले. चुलीशी ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मी तो कागद तिच्या हातात ठेवला आणि माफ कर म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं. पहिल्या वेळी ते धड्यांसाठी होतं. दुसरं कशासाठी, ते तिने विचारलं नाही. साखर किती घेता, एवढंच विचारलं.