चढ दोनशे चौदा, उतार शून्य

मी हनुमंत. कंधारच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. नोकरी साधी असली तरी मला मोजमापाचं वेड आहे, आणि त्यावरून नासिर मला रोज छळायचा. "मास्तर, चहात साखरेचे दाणे किती?" असं भर हॉटेलात विचारायचा. मी मास्तर नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

नासिरचं सायकलचं दुकान होतं. गेल्या वर्षी त्यानं सायकलींना बॅटरी आणि मोटार बसवायला सुरुवात केली. नांदेडहून किल्ला बघायला येणाऱ्या लोकांना या सायकलींवरून आसपासचे डोंगर फिरवायचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी गोल रस्ता हवा होता. एकीकडून चढायचं, दुसरीकडून उतरायचं, कारण गेल्या वाटेनं परत यायला पाहुण्यांना कंटाळा येतो. रस्ता मोजायचं काम अर्थात माझ्याकडे. दोन्ही सायकलींच्या हँडलला मी एकेक मीटर लावला होता. किती मीटर चढलो आणि किती उतरलो, हे त्यात वेगवेगळं नोंदलं जायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सुळकीच्या डोंगरापाशी पोचलो. पायथ्याला चार घरांची वस्ती आहे. तिथं लिंबाखाली काळ्या दगडांची एक रास होती. शेजारी सुभद्राबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"वर जाताव? मग एकेक दगड ठिवा," त्या म्हणाल्या. "उतरल्यावर आपला आपण उचलून फेकायचा. सांजच्याला दगड दिसला की मानूस वरच राहिलं म्हनून कळतंय."

मला ही पद्धत फार आवडली. बिनखर्चाची हजेरीच ती. मी पांढरी गारगोटी शोधून राशीवर ठेवली. नासिरनं एक काळा दगड उचलला आणि पुढं होऊन ठेवला.

राशीत दहा-बारा दगड आधीच होते. "एवढे लोक आत्ता वर आहेत?" मी विचारलं.

"ते जुने हायत. त्यास्नी हात लावायचा न्हाई."

पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी सांगता यावी म्हणून मी त्यांच्या घरचा फोन नंबर लिहून घेतला. फोन त्यांचा दीर माणिकप्पा उचलतो, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही निघालो.

चढ सोपा गेला. माथ्यावर पिवळं गवत होतं आणि दूरवर कंधारचा किल्ला आणि तळं दिसत होतं. नासिर खुशीत होता. "मास्तर, आलियाला आणायला पाहिजे इथं," तो म्हणाला. आलिया म्हणजे त्याची चार वर्षांची मुलगी. पलीकडे बैलगाडीची रुंद वाट थेट डांबरी रस्त्याला उतरत होती. गोल जमला होता.

"आणि दगड?" नासिरनं विचारलं.

"फोन करतो. तू ये मागून."

तो ब्रेक आवळायला थांबला. मी निम्मा उतार उतरून फोन लावला. माणिकप्पांना सांगितलं, मी सकाळचा हनुमंत, आमचे दोन दगड काढून टाका. एक पांढरी गारगोटी आणि एक काळा.

"काळे लई हायत की. कंचा?"

नासिरनं नेमका कुठं ठेवला ते मी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर मोजमाप करणारा मी, तेवढं मात्र पाहिलं नव्हतं. "सगळ्यात वरचा असेल," मी म्हणालो.

"बरं. काढले दोन्ही."

थोड्या वेळानं नासिर वळणावर दिसला. तो सायकलवर बसला नव्हता. बैल दाव्याला धरून आणावा तशी सायकल धरून चालत येत होता.

"मोटार बिघडली का?"

त्यानं मोटारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चला, हनुमंतराव," तो म्हणाला.

मी हसलो. मला वाटलं, नवीन चेष्टा काढली. डांबरी रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, "घर कोणत्या अंगाला?" तेव्हाही हसलो. घरी पोचल्यावर मात्र तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. अफसाना, त्याची बायको, "या की आत," असं म्हणाली तेव्हाच त्यानं पाऊल आत टाकलं. मग पाच भाकरी खाल्ल्या. 

संध्याकाळी मी दोन्ही मीटर उघडले. माझ्या मीटरवर चढ दोनशे चौदा, उतार दोनशे चौदा. घरातून निघून घरीच आलो, तेव्हा आकडे सारखे यायलाच हवेत. नासिरच्या मीटरवर चढ दोनशे चौदा होता आणि उतार शून्य.

धूळ गेली असेल. मी मीटर पुसला, खिशात घालून कॉलेजचा जिना चढलो आणि उतरलो. चढ बारा, उतार बारा. मीटरमध्ये काही दोष नव्हता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी अफसाना कॉलेजच्या फाटकाशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भैया, वर काय झालं?"

"काहीच नाही. का?"

"रातभर बसून होते. भिंतींना हात लावून बघायले. दुकान उघडलं नाही." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "कालपासून माझं नाव घेतलं नाही. आलियाचंबी नाही. ठाऊकच नसल्यासारखं."

मी रजेचा अर्ज टाकला आणि सुळकीला गेलो.

सुभद्राबाई सगळं ऐकून राशीपाशी बसल्या. "कंचा काढाय सांगितलास?"

"वरचा."

"तुझ्या दोस्तानं कडंला ठिवला व्हता. तळाला. मी बघितलं की." त्यांनी बोट दाखवलं. दगड तिथंच होता.

"मग वरचा कुणाचा होता?"

"म्या लगीन होऊन आले तवाबी व्हता तो."

 मी प्रयोगशाळेतला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी विचारलं, "हा आता काढला तर?"

"तर तुझा दोस्त उतरंल." त्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "पर त्येच्या घरात आता एक जण बसलाय न्हवं?"

रास सावलीत होती. मी दगड उचलला. तो कोमट होता, आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखा. मी तो दूर भिरकावला.

काहीच झालं नाही. मी डोंगराकडं तोंड करून नासिरला हाका मारल्या. तासभर थांबलो. वाटेवर कुणी आलं नाही. मग लाज वाटली आणि बरंही वाटलं.

परतीला मी सरळ त्याच्या घरी गेलो. दिवस मावळत होता. तो जेवायला बसला होता. आलिया शेजारी होती.

"बसा, हनुमंतराव," तो म्हणाला. मी बसलो. अफसानानं माझ्यापुढं ताट ठेवलं. 

दार वाजलं.

"कोण?" अफसानानं विचारलं.

"मी. उघड गं, अफसाना. पाय मोडून गेले चालून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. ती धावत दाराशी गेली आणि कडीला हात घातला.

ताटावरचा माणूस उठला नाही. त्यानं हात पुसला, आलियाला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या मानेवरून हळूहळू बोटं फिरवू लागला.

"बघा," तो म्हणाला. "उघडायचं असलं तर उघडा."

दार पुन्हा वाजलं.

"अब्बू आले," आलिया दाराकडं बघत म्हणाली.

त्याची बोटं थांबली. तिच्या मानेवरच थांबली.

अफसानानं कडीवरचा हात खाली घेतला.