खोटी तक्रार

पहिल्यांदा खिडकीसमोरच्या खांबावरचा दिवा खरंच गेला होता. तिने शहराच्या तक्रार-ॲपवर खांबाचा क्रमांक टाकला आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याला झालर लावत बसली. संध्याकाळी खिडकीबाहेर, शिडीवर, एक चेहरा उगवला.

"जरा खोलीतला दिवा मालवता? डोळ्यांवर येतोय."

तिने झटकन बटण दाबलं. अंधारातून हसू ऐकू आलं — "इतकी आज्ञाधारक तक्रारदार पहिल्यांदाच बघतोय!"

मग खांबावर उजेड पडला, आणि त्यात वायरमनच्या गालावरचा काळा डाग दिसला... तो काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा तक्रार टाकली. दिवा लख्ख जळत होता. तो आला, वर चढला, उगाच खाटखूट केली.

"सैल झाला असेल."

"हो ना... लुकलुकत होता," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मग त्या दिव्याला आजारपणच लागलं. "खांबाला चांगला डॉक्टर दाखव की," वहिनी चिडवायची, "का हाच बरा आहे?" दर खेपेला ती ॲपवर त्याला पाच तारे द्यायची. तेवढंच त्याचं भलं!

एका संध्याकाळी शिडीवर दुसराच, पोक्त वायरमन दिसला.

"ते... नेहमीचे?"

"त्याला गोदामात बसवलंय. एकाच खांबाच्या इतक्या तक्रारी, म्हणजे काम कच्चं, असं ॲपनंच ठरवलं. तारे कोण बघतंय, ताई? लाल शेरा पडला की पडला."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. जेवायला वहिनीने हाका मारल्या, त्या कानावरही आल्या नाहीत.

सकाळी ती विभाग कार्यालयात अभियंता बाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. "त्या तक्रारी खोट्या होत्या. मी टाकल्या."

"कशासाठी?"

रांगेतल्या माना वळल्या. नेमका तेव्हाच तो वायरची गुंडाळी खांद्यावर घेऊन दारात आला.

"ते... यावेत म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. तिची मान छातीला टेकली. बाईंनी चष्मा काढून आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याचा शेरा पुसला. तिचं खातं मात्र बंद केलं.

जिन्यात त्याने तिला गाठलं.

"माफ करा," ती पायरीकडे बघत पुटपुटली. "माझ्या पोरखेळापायी तुमचं काम..."

"दिवा धड आहे हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. 'तक्रार खोटी' असं बटण असतं आमच्याकडे."

"मग दाबलं का नाही?"

"दाबलं असतं तर तुमचं खातं तेव्हाच बंद पडलं असतं." तो कानामागे खाजवू लागला. "मग मी कुठल्या निमित्तानं आलो असतो? दर वेळी 'दुरुस्त केला' म्हणून टाकत होतो. लाज मलाही वाटायला हवी..."

तिला हसायचं होतं. डोळेच भरून आले.

"आता... नुसतं बोलावलं तर याल?"

"येईन की. पण दारातून."

ती अजूनही मान वर करत नव्हती. तेव्हा तोच दोन पायऱ्या खाली उतरला, आणि तिच्या डोळ्यांत बघता येईल असा उभा राहिला.