वाटीतलं पाणी

गाडी माझ्या वडिलांची, जुनी लँडमास्टर. तिच्या कार्बोरेटरमध्ये कचरा अडकायचा आणि पाथर्डीत तेव्हा तिला हात लावायला कुणी तयार नसे. खोलून साफ करायला वडिलांनीच शिकवलं होतं. त्यामुळे पाने आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या डॉक्टरकीच्या बॅगेशेजारीच असत.

त्र्याहत्तरच्या मार्चात, भर दुपारी, लंकाबाईला घेऊन मी नगरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाले. पहिलटकरीण. सकाळपासून कळा येत होत्या, पण मूल खाली सरकत नव्हतं, बाळाभोवतीची पाणमोटही फुटली नव्हती. मागच्या सीटवर तिचं डोकं सासूच्या, आक्काबाईच्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना दुष्काळाने उघडी पाडलेली शेतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

करंजीचा घाट यायच्या आधीच इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं.

बॉनेट उघडून मी कार्बोरेटरचं झाकण काढलं, फ्लोट उचलला. खालच्या वाटीत पेट्रोल नव्हतं. पाणी होतं, स्वच्छ.

टाकीत पाणी गेलं असणार, दुसरं काय? टाकीतलं पेट्रोल आणणारी पंपाची नळी सोडवून बाटलीत धरली, पंपाची दांडी हाताने हलवली. बाटलीत पेट्रोल आलं. पुन्हा हलवली. पेट्रोलच.

वाटी पुसताना ते पाणी बोटांना किंचित बुळबुळीत लागलं. अंगाइतकं कोमट होतं. इंजिन तापलंय म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. जेटची बारीक भोकं फुंकली, सगळं परत बसवलं. गाडी सुरू झाली.

"बाई, तुमी पानी सांडलं व्हय?" आक्काबाईने मागून विचारलं.

"थोडं. का?"

"काय न्हाई. हिचं पोट एकदम हलकं लागतंय हाताला."

मी आरशात पाहिलं. लंकाबाईचे डोळे मिटलेले होते. सीट कोरडी होती.

घाटाच्या पहिल्या चढावर गाडी पुन्हा बंद पडली.

मी पुन्हा झाकण काढलं. वाटी काठोकाठ भरली होती. पाणी हिरवं होतं, दाट, शेवाळासारखं. पण शेवाळाचा वास मला माहीत आहे. हा वासही माहीत होता. पोटात मूल गुदमरायला लागलं की त्याच्याभोवतीच्या पाण्याला हा रंग, हा वास येतो.

मी बॅगेतला लाकडी नळा काढला आणि लंकाबाईच्या पोटाला लावून कान टेकवला. बाळाचे ठोके मंद होते. मध्येच थांबत होते.

"खाली उतरवू हिला. इथंच सोडवायचं," मी म्हणाले.

"नगर न्हाई गाठायचं?"

"नाही."

"का वो?"

मी गाडीतली घोंगडी बाहेर ओढली.

बाभळीच्या सावलीत ती अंथरली. तपासलं, तर वाट पूर्ण मोकळी झाली होती, डोकंही खाली सरकलं होतं. मी पाणमोट फोडली.

आत पाणी नव्हतं. थेंबभरही नाही.

लंकाबाई एकदाच ओरडली. मी चिमटा लावला, ओढलं. मुलगा. गळ्याभोवती नाळेचा वेढा, नखं हिरवी. नाळ सोडवली, पाठ चोळली, पालथा धरला.

तो रडला.

आक्काबाईने हात पुढे करून त्याला घेतलं. मी गाडीच्या मडगार्डला टेकून उभी राहिले. नगर गाठायच्या नादात राहिले असते तर हा जगला नसता, एवढंच डोक्यात होतं.

बाळाला ठसका लागला. त्याने तोंडातून काहीतरी टाकलं. आक्काबाईने लुगड्याच्या पदराने पुसलं आणि पदर नाकाशी नेला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्येला तुमच्या गाडीचा वास येतुया."

मी जवळ गेले. पेट्रोलचाच वास होता. पदरावरचा ओला डाग माझ्या डोळ्यांदेखत उडत होता. आधी कडेने, मग मधून. कापड कोरडं झालं. मागे काहीच उरलं नाही.