खिडकीकडची वेताची खुर्ची

हे घडलं २०१८ साली. त्या वर्षी परभणीत पाऊस आला तसाच निघून गेला होता आणि दसऱ्याच्या आधीच गल्लीत टँकर फिरू लागले होते.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले होते. वसमत रोडला एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मुलांच्या चाचण्या घेत असे. बुद्धिमापन, कल चाचणी, आणि गरज असेल तिथे मुलांशी आणि आईवडिलांशी बोलणं. माझ्या लहानपणी मूल अभ्यासातून उठलं की त्याला पोखर्णीच्या नृसिंहाला नेत, नाहीतर दोन रट्टे देत. आता लोक माझ्याकडेही जिना चढून येत. काही जण तिन्ही करून पाहत.

बाहेरच्या खोलीत सविता बसे. चहा, झाडलोट, आलेल्या लोकांना धीर देणं, सगळं तीच करी. आतल्या खोलीत माझं टेबल आणि समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या होत्या, एक खिडकीकडे, एक भिंतीकडे. माझ्या वडिलांच्या बैठकीतल्या. कुणी बसलं की वेत करकरत असे.

सप्टेंबरात विष्णुपंत आणि हेमाताई त्यांच्या उत्तराला घेऊन आले. विष्णुपंत एका शाळेत कारकून होते. उत्तरा बारावीला, सायन्सला. अंगातला ड्रेस तिला दोन मापं मोठा वाटत होता. विष्णुपंत म्हणाले, "मॅडम, पोरगी वही उघडंना की जेवंना. झोप तर नाहीच. डॉक्टर म्हणतात, रक्त बरोबर आहे, दाखवायचंच तर मनाचं बघणाऱ्या कुणाला दाखवा."

बाकीचं हेमाताईंनी सांगितलं. मोठा मुलगा श्रीराम इंजिनिअरिंगला औरंगाबादला होता. फिजिक्सचा एक धडा समजत नाही म्हणून उत्तराने त्याला हट्टाने बोलावलं. तो मोटारसायकलवर निघाला आणि देवगाव फाट्याजवळ डंपरखाली आला. जुलै महिना होता. तेव्हापासून ही अशी.

मी तिची बुद्धिचाचणी घेतली. ठोकळे तिने भराभर लावले, उत्तरं बिनचूक दिली. बुद्धीला काही झालं नव्हतं. ती फक्त जगायचं थांबवत चालली होती, आणि वजन पाहता तिच्याकडे फार वेळ नव्हता.

आमच्या शास्त्रात रिकाम्या खुर्चीची एक जुनी पद्धत आहे. जे माणूस आता भेटणार नाही, ते समोर बसलंय असं समजून त्याच्याशी बोलायचं. मग उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीने स्वतःला उत्तर द्यायचं. शेवटी परत आपल्या जागेवर यायचं. मी ही पद्धत अनेकांवर वापरली होती. सासूशी भांडून घेणाऱ्या सुना, मेलेल्या बापाला जाब विचारणारी मुलं. सगळी रडून मोकळी होत आणि आपल्या खुर्चीत परतून नाक पुसत.

पहिल्या वेळी उत्तरा खिडकीकडे बसली. भिंतीकडच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "दादा, चुकलं माझं." एवढंच. त्या रात्री ती अर्धी भाकरी जेवली, असा हेमाताईंचा फोन आला.

पुढच्या वेळी आईवडिलांनाही मी आत बसवलं. दुपार होती. खिडकीतून जवळच्या जिनिंग कारखान्यातले कापसाचे तंतू आत येत होते. उत्तरा थोडं बोलली, थोडं रडली. मी म्हटलं, "आता दादाच्या जागी बस. तो काय म्हणेल, ते तू म्हण."

ती उठली आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसली. बसताना एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकला आणि तो हलवू लागली. हेमाताईंनी पदर तोंडाशी नेला.

"काय गं मठ्ठ," ती समोर बघून म्हणाली. "एवढ्याशा धड्यासाठी एवढं नाटक? आई, हिला पाठांतराशिवाय काही येतं का? उद्या पोहेसुद्धा पाठ करून करंल."

हेमाताई हसल्या. जुलैनंतर पहिल्यांदा असेल. विष्णुपंतही हसले आणि लगेच डोळे पुसू लागले.

मग तिने माझ्या टेबलावरचं टाचणीचं डबडं घेतलं, खिशातल्या रुमालाला बांधलं, गरगर फिरवलं आणि तो धडा शिकवायला लागली. तोच धडा, जो तिला समजत नव्हता. मला त्यातलं कळत नाही, पण ती अडखळली नाही. मधे मधे थांबे, मान तिरकी करून ऐके. "न्हाई समजलं? बरं, परत सांगतो." पुन्हा डबडं फिरवी.

समोरच्या खुर्चीचा वेत करकरला. उन्हाने वेत आक्रसतो. मी तसंच समजले.

"छान," मी म्हटलं. "आता परत तुझ्या जागेवर ये."

ती उठली नाही. खिडकीकडे बघून म्हणाली, "तिथं कसं बसू? तिथं उत्ती बसलीय की."

विष्णुपंतांना ती चेष्टाच वाटली. "चल, पुरे झालं," ते म्हणाले. ती उठली, सरळ दाराकडे गेली. जिन्यावर हेमाताईंच्या हातातली पिशवी तिने आपल्या खांद्यावर घेतली. हेमाताईंनी ती घेऊ दिली.

त्या दिवसापासून उत्तरा जेवू लागली. अभ्यास करू लागली. बापाशी राजकारणावर वाद घालू लागली. गल्लीत लोक म्हणाले, मॅडमनी पोरगी वाचवली. माझ्याकडची गर्दी वाढली.

शास्त्रात याला नाव आहे. गेलेल्या माणसाला कुणी आपल्या अंगावर पांघरून घेतं. ते हळूहळू उतरवावं लागतं, म्हणून मी तिला आणखी एकदा बोलावलं. ती आली, तब्येत भरलेली, केसांना तेल. मी खिडकीकडची खुर्ची दाखवली.

ती खुर्चीपाशी गेली. वाकून बघितलं आणि शेजारी जमिनीवर बसली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "उठवू नका मॅडम. जुलैपासून जागी आहे ती. आत्ता कुठं डोळा लागलाय."

मीही आवाज खाली आणून तिला बाहेर थांबायला सांगितलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

नंतर मी हेमाताईंना एकट्यांना आत बसवलं. म्हटलं, "हे असं ठेवून चालणार नाही. तिला परत आणावंच लागेल, परीक्षा बुडाली तरी."

त्या बांगडी फिरवत राहिल्या. "परत आली तर पहिल्यासारखीच बसंल का मॅडम? न जेवता, न झोपता?"

"सांगता येत नाही."

"आणि हा... हे जे आता घरात आहे, ते जाईल?"

"हो."

"मग राहू द्या." त्या उठल्या. दारात थांबल्या. "तुमच्याकडं दिवसभर कुणीतरी असतं ना? एकटी नको."

त्यानंतर त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. उत्तराने बारावीची परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाली.

परीक्षेच्या आधीचीच गोष्ट. दिवाळीनंतर एका सकाळी सविता झाडू हातात घेऊन माझ्याकडे आली. "बाई, त्या खिडकीकडच्या खुर्चीत कोण बसायलंय?"

"कुणी नाही. का?"

"झाडायला गेलं की पाय वर घेतंय कुणीतरी." मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "पोर गुणाची हाय पण. सांगावं लागत न्हाई."

मी त्या खुर्चीत मुलांना बसवणं बंद केलं. एरवीही कुणी तिच्याकडे जात नसे. चारठाण्याहून आलेला एक चौथीतला मुलगा तेवढा दारात अडला होता. म्हणाला, "त्या ताईचं होऊ द्या आधी."

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. विष्णुपंत करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. अग्नी उत्तराने दिला, आणि भाऊबंदांपैकी कुणाला ते वावगं वाटलं नाही. ती श्रीरामच्याच कॉलेजातून इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला घरी येते. भाऊबीजेला पाटावर बसते आणि चुलत बहिणी तिला ओवाळतात. हे हेमाताईंनीच फोनवर सांगितलं, सहज, हवापाण्याचं सांगावं तसं. सविता अजून माझ्याकडे आहे. चाचण्या मी आता घेत नाही, पण खोल्या सोडलेल्या नाहीत. भाडं का भरतेस, असं भाऊ विचारतो. मी विषय बदलते.

गेल्या डिसेंबरात परभणीचा पारा फार उतरला. हेमाताईंकडून रिक्षावाल्यासोबत एक पुडकं आलं. आत हाताने विणलेला स्वेटर होता, राणी रंगाचा, मुलीचा. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "वाढत्या अंगाचा केलाय मॅडम. खिडकीतून गार वारं येत असंल."

सविता लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बटणं न लावताच मी स्वेटर खिडकीकडच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, कुलूप लावलं, किल्ली घेऊन घरी आले.

सकाळी उघडलं. स्वेटर तिथेच होता. सगळी बटणं लावलेली होती, आणि लांब झालेल्या बाह्या मनगटापाशी नीट दोनदा दुमडलेल्या होत्या.