विमानतळाचा वारा, गच्चीवरचा दुधी

डोळे मिटा पाहू. अगदी घट्ट नको, पापण्यांतून थोडा उजेड आत येऊ द्या. आता अशी कल्पना करा, की तुम्ही मुहर्रकमधल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर उभे आहात. पायांखाली ऊन खाऊन कोमट झालेली फरशी. एका बाजूनं समुद्राचा खारा वास, दुसऱ्या बाजूला विमानतळ. मधूनच एखादं विमान इतकं खालून जातं, की दोरीवरचे कपडेसुद्धा मान वर करून बघतात. फेब्रुवारी संपत आलाय. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो, दुपारी पंखा लावावासा वाटतो, आणि संध्याकाळी... संध्याकाळी काय होईल, ते कुणीच सांगू शकत नाही.

बहारीनमध्ये वसंत असाच येतो, खोडकर भाच्यासारखा. आला आला म्हणेपर्यंत दोन वस्तू फोडून पसार!

अशाच एका संध्याकाळी इरावतीची हिरवी जाळी उडाली.

इरावती दादा-वहिनींकडे राहायची. दिवसभर मनामातल्या ऑफिसात अकाउंट्स बघायची आणि घरी आली, की पर्स पलंगावर टाकून थेट गच्ची गाठायची. मागे मागे दादाची कश्मिरा. दुसरीतली, दात पडलेली, प्रश्नांची पोतडी. गच्चीवर कुंड्यांतून मेथी होती, कढीपत्ता होता, टोमॅटो होते. पण आत्याचा खरा जीव होता पाण्याच्या टाकीशेजारी मांडवावर चढणाऱ्या दुधीच्या वेलात.

त्याला कारण होतं. पेणला तिच्या बाबांच्या परसात हा दुधी वर्षानुवर्षं होई. बारीक मानेचा, कोवळा, कापला की काकडीसारखा वास येणारा. बाबांनी गेल्या वर्षी ती जागा विकली आणि उरलेल्या चार बिया इरावतीच्या हातावर ठेवल्या. एक उगवलीच नाही. दुसरी कबुतरांनी उकरली. तिसरीचं रोप शमालनं, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या धुळीच्या वाऱ्यानं, मोडलं. चौथी तेवढी वेल होऊन मांडवावर पोचली होती. तिला एक फळ धरायला हवं, ते वेलावरच पिकायला हवं, तेव्हा कुठे पुढचं बी मिळणार. तेही उन्हाळा अंगावर यायच्या आत. नाहीतर बाबांचा दुधी संपला.

तर, या वेलाला सावली देणारी जाळी उडाली.

"आत्या, नेट गेली!" कश्मिरा ओरडली.

जाळी कठड्यावरून पलीकडच्या, अगदी जोडून असलेल्या गच्चीवर गेली आणि तिथे कपडे काढणाऱ्या एका उंच तरुणाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून बसली. तो चाचपडू लागला.

"हलू नका!" इरावती धावत कठड्याशी आली. "प्लीज, हलू नका..."

"नाही हलत," जाळीतून आवाज आला. चक्क मराठीत! "लागलं बिगलं नाही मला, काळजी करू नका."

"तुमची नाही हो, जाळीची काळजी आहे. जुनी झालीय. ओढलीत तर फाटेल."

मग जाळी हसायला लागली. आतला माणूस दिसत नव्हता, नुसतंच हसू दिसत होतं. इरावतीनं ओठ चावला... पण तिलाही हसू आलंच.

त्याचं नाव प्रज्योत. मूळचा नागपूरचा. विमानतळावर हवामानाची यंत्रं सांभाळायचा. वारा मोजायचं यंत्र, तापमापक, असं सगळं. शेजारच्या इमारतीत नुकताच राहायला आला होता.

"म्हणजे आज वारा सुटणार, हे तुम्हाला माहीत होतं?" इरावतीनं जाळीची घडी करत विचारलं.

"होतं ना. सगळ्या विमानांना सांगितलं होतं."

"आणि आम्हाला?"

"तुम्ही विमान आहात हे मला कुणी सांगितलं नाही."

कश्मिरा खुदकन हसली आणि त्या दिवसापासून तो तिचा 'वेदर अंकल' झाला.

मग रोजचंच सुरू झालं. शिफ्ट संपवून प्रज्योत कपडे काढायला गच्चीवर यायचा. त्याचे कपडे हल्ली फार वेळा धुतले जात होते, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. इरावती कठड्याशी जाऊन विचारायची, "उद्या काय?"

त्या ऋतूत हाच प्रश्न महत्त्वाचा होता. बागवाल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर सकाळी मेसेज यायचा, 'कुंड्या उन्हात काढा.' दुपारी, 'सावलीत घ्या, भाजताहेत.' संध्याकाळी, 'वारा सुटला, आत घ्या, आत घ्या!' सनद भागातल्या एका काकांनी तर टोमॅटोच्या कुंड्यांना चाकंच लावली होती.

"उद्या सकाळी धुकं. नंतर ऊन," प्रज्योत सांगायचा. "पण हा रनवेचा अंदाज हं. तुमच्या गच्चीचा नाही."

"दोन्हीत फरक असतो?"

"बघायचं?" असं म्हणून त्यानं एक तापमापक आणून तिच्या टाकीवर टांगला. आणि खरंच, रनवे आणि गच्ची यांचं कधी जमायचं नाही. टाकीच्या सावलीत गारवा असायचा, तर कठड्यापलीकडे त्याच्या गच्चीवर फरशी तापलेली. इतक्या जवळ, आणि दोन वेगळे ऋतू! इरावतीला याचं भारी नवल वाटायचं. तापमापकाचंच, असं ती स्वतःला सांगायची.

त्यानंही हौसेनं मनामाच्या बाजारातून दुधीचं चांगलं वाढलेलं रोप आणलं आणि मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात लावलं. मार्चच्या मध्यावर त्याच्या वेलावर संध्याकाळी पांढरी फुलं उमलायला लागली. भरपूर फुलं. फळ मात्र एकही नाही.

"माझं काय चुकतंय?" त्यानं विचारलं.

इरावतीनं कश्मिराला कठड्यावर बसवलं आणि आपल्या वेलावरचं एक फूल दोघांना दाखवलं. "हे बघ. या फुलाच्या मागे बारीकसा, केसाळ दुधी दिसतो ना? ही मादी. आणि प्रज्योतच्या... म्हणजे अंकलच्या वेलावर सगळी लांब देठाची. ती नर फुलं. गारवा असला, की मादी फुलं जास्त येतात. ऊन तापलं, की सगळी नरच."

"म्हणजे माझ्या वेलाचंही माझ्यासारखंच," प्रज्योत म्हणाला. "बॅचलर अकोमोडेशन!"

इरावतीनं पटकन पाण्याची झारी उचलली. कान का तापले, ते तिला कळलं होतं. पण झाडांना पाणी घालणं तेव्हा फार गरजेचं होतं.

"मग बेबी दुधी कसा होतो?" कश्मिरानं विचारलं.

"नर फुलातली पिवळी पूड मादी फुलात जावी लागते. गावाकडे पतंग आणि किडे नेतात. इथे गच्चीवर ते येत नाहीत, म्हणून आपण नेतो."

"ओके," कश्मिरा म्हणाली. तिला ते अगदी साधं वाटलं.

मार्चच्या अखेरीस एका सकाळी प्रज्योत ड्यूटीवर जाताना खालूनच ओरडला, "आज निर्धास्त राहा! वारा नाही, ढग नाही!" सुट्टीचा दिवस होता. इरावतीनं जाळी काढून ठेवली, वेलाला मोकळी हवा मिळावी म्हणून.

दुपारनंतर आकाश चहासारखं झालं. पश्चिमेकडून धुळीची भिंत चालत आली, मागोमाग वीज, मग बोराएवढ्या गारा. वसंतातल्या या अवचित वादळांना तिकडे सरायात म्हणतात. पाव तासात सगळं खलास. ऊन पुन्हा पडलं, जसं काही झालंच नाही.

प्रज्योत धापा टाकत गच्चीवर आला, तेव्हा इरावती मोडलेल्या मांडवापाशी बसली होती. शेंडे तुटले होते, कळ्या चिखलात पडल्या होत्या, काढून ठेवलेली जाळी फाटून पुन्हा त्याच्या गच्चीवर उडाली होती.

"इरावती, मी... सरायात कधीकधी यंत्रांनाही चुकवते. पण मी निर्धास्त राहा म्हणायला नको होतं."

"विमानं सुखरूप उतरली?"

"उतरली."

"छान झालं," ती म्हणाली आणि जिना उतरून निघून गेली.

त्यानंतर तिनं 'उद्या काय' विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. फक्त एका सकाळी कठड्यावर जाळी ठेवलेली दिसली, फाटकी जागा बारीक टाक्यांनी शिवलेली. टाके वाकडे होते. ते बघून तिचा राग थोडा निवळला, पण कळू कसं द्यायचं?

मग एके दिवशी कश्मिरा ओरडतच खाली आली, "आत्या! टँकच्या मागे बेबी दुधी!"

टाकीच्या आडोशाला एक फांदी वाचली होती. तिच्यावर एकच कळी, मागे करंगळीच्या पेराएवढा दुधी. आज संध्याकाळी उमलणार आणि सकाळपर्यंत कोमेजणार. पुढच्या आठवड्यात पारा चाळिशीकडे निघणार होता. मग फुलं आली, तरी ती धरणार नव्हती. आणि या वेलावर आज एकही नर फूल नव्हतं.

"वेदर अंकलकडे टेन आहेत," कश्मिरा म्हणाली. "मी काऊंट केली." भिंतीच्या आडोशाला ठेवलेला त्याचा खोक्यातला वेल गारांतून वाचला होता.

इरावतीनं पेणला फोन लावला.

"बाबा, दुसऱ्या दुधीचं फूल वापरलं, तर बी आपलं राहील का हो?"

"तसंच्या तसं नाही राहणार," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण पोरी, माझ्या आज्यानं तरी ते कुठून आणलं, कुणाला ठाऊक! फळ धरलं तर बी. आधी फळ धरू दे."

तेवढ्यात फोन आईनं घेतला. "कुणाच्या गच्चीवरचं फूल? मराठी आहेत? आडनाव काय त्यांचं?"

"आई, दुधीचं चाललंय!"

"मीही दुधीचंच विचारतेय," आई म्हणाली.

दिवस कलला. इरावती कठड्याशी गेली. प्रज्योत पाठमोरा, आपल्या वेलाला पाणी घालत होता.

"ऐका ना..."

तो वळला. "अंदाज सोडून काहीही विचारा."

"फूल हवंय. नर."

त्यानं लगेच हात पुढे केला नाही. "नीट विचार केलात? माझं रोप बाजारातलं, आयतं आणलेलं. त्याचं कूळ मला सांगता येणार नाही. आणि माझं आडनाव सांगितलं, तर तुमच्या घरी आवडेलच असंही नाही..."

"आईनं विचारलं आडनाव."

"मग?"

"मी म्हटलं, दुधीचं चाललंय."

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि तीही. मग त्यानं सगळ्यांत टवटवीत फूल खुडून कठड्यावरून पुढे केलं. घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. दोघांनीही हात काढून घ्यायला जरा उशीरच केला.

टाकीमागे कळी उलगडत होती, जुन्या साडीच्या घडीसारखी, हळूहळू. इरावतीनं नर फुलाच्या पाकळ्या मागे सारल्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवला, फिरवला.

"झालं?" कश्मिरानं कुजबुजत विचारलं.

"झालं. आता वाट बघायची."

तेवढ्यात दोरीवरचे कपडे फडफडले. इरावतीनं चमकून आकाशाकडे पाहिलं. "वारा वाढेल का हो?"

प्रज्योतनं आपली चादर दोरीवरून ओढली, कठडा ओलांडला, आणि फुलाच्या उत्तरेला ती दोन्ही हातांनी ताणून धरली.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी इथे उभा राहतो. तेवढंच खात्रीनं सांगता येईल."

वारा पडेपर्यंत तो उभा राहिला. इरावतीनं चादरीचं एक टोक कधी हातात घेतलं, ते तिलाही कळलं नाही.

फळ धरलं. एप्रिलभर जाळीच्या सावलीत ते हाताएवढं झालं. जूनमध्ये इरावती कश्मिराला घेऊन पेणला गेली, तेव्हा रोज सकाळी तिच्या फोनवर एकच फोटो यायचा: दुधी. मग दुधी आणि तापमापक. मग दुधी, तापमापक आणि एक हसरा अर्धा चेहरा. आईनं तो चेहरा बराच वेळ मोठा करून पाहिला आणि शेवटी म्हणाली, "पाणी वेळेवर घालतो, एवढं खरं."

ऑक्टोबरात, उन्हाचा ताव गेल्यावर, तिघं पुन्हा त्याच गच्चीवर बसली. दुधी आता वाळून खडखडा वाजत होता. बाहेरून अगदी बाबांचा, बारीक मानेचा; आतलं बी मात्र कुणासारखं, ते रुजल्यावरच कळणार. इरावतीनं तो फोडला. बिया परातीत सांडल्या.

"मी सनदला घर घेतोय भाड्यानं," प्रज्योत एकदम म्हणाला. "मागे थोडी माती आहे. खरी माती."

"अच्छा." इरावती बियांकडे बघत होती. "मग निम्म्या तुम्ही न्या. कश्मिरा, दोन वाटे कर गं."

कश्मिरानं दोन कागदी पिशव्या घेतल्या आणि एक इकडे, एक तिकडे अशा बिया टाकायला लागली.

"तिथला मांडव मोठा आहे," तो म्हणाला. "दोघांना पुरेल. म्हणजे... दोन वेलांना."

"दोघांना, की दोन वेलांना?"

"अंदाज सांगणं मी सोडलंय."

"मग खात्रीचं सांग," इरावती म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती.

त्यानं श्वास घेतला. "खात्रीचं एवढंच... वारा कुठूनही येऊ दे, चादरीचं एक टोक मी धरीन. दुसरं तू धरशील?"

इरावतीनं मान वर केली. तिचे डोळे हसत होते, आणि तिचा हात परातीवरून त्याच्या हातापाशी सरकला. डोक्यावरून एक विमान गेलं; दोरीवरच्या कपड्यांखेरीज त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही.

कश्मिरानं आत्याकडे पाहिलं. अंकलकडे पाहिलं. हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"बट हे सगळे सेम दुधीचे आहेत ना?" तिनं विचारलं. "मग टू बॅग्ज कशाला?"

आणि तिनं एक पिशवी दुसरीत रिकामी केली. शेवटची बी पडेपर्यंत झटकली. मग त्या मोकळ्या पिशवीत गाल फुगवून हवा भरली, तिचं तोंड मुठीत घट्ट धरलं, आणि दोघांच्या मधोमध धरून... फट्टकन फोडली!