नानांनी निजवलेला माइक

वरच्या खोलीची किल्ली मागू नकोस, रुची. बैठकीत झोप, नाहीतर आमच्या प्रसन्नला छतावर हाकल आणि त्याची खाट घे. नागपूरहून भाची आली आणि मामा खोलीला कुलूप लावून बसलाय, असं मनात म्हणालीस तरी चालेल. बत्ती गेलीच आहे, तर सांगूनच टाकतो. प्रसन्न, तो मोबाइलचा उजेड बंद कर बघू. डोळ्यांत जातो.

सुरुवात झाली ती वाटीभर दुधापासून. गेल्या वर्षी नवरात्रात, दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर वरून मुकुलची हाक. "काका, थोडं दूध मिळेल का? साखर-केशर घालून?" मुकुल म्हणजे तेव्हाचा आपला भाडेकरू. पुण्याचा. तुझ्यासारखीच पीएचडी चाललेली. बनारसच्या मराठी घरांतली गाणी कोणाला आठवतात, त्या आठवणींवर वस्ती कशी टिकून राहते, असं काहीतरी. पोरगा हुशार होता, गोडबोल्या होता. बालाजी घाटापासून दुर्गा घाटापर्यंत एक मराठी उंबरा सोडला नाही त्यानं. पाया पड, चहा पी, मशीन लाव, गाणं घे, चालू पड. पुन्हा त्या घराकडे ढुंकून बघायचा नाही. मला त्याचा वीट यायला लागला होता, पण घरभाडं वेळेवर देणाऱ्याला काय बोलणार?

दूध हवं होतं ते शिवरामनानांसाठी. गल्लीच्या तोंडाशी विठोबाचं लहानसं देऊळ आहे ना, तिथले पुजारी. जन्मभर एकच काम. रात्री शेजारती म्हणून देवाला निजवायचं, पहाटे भूपाळी म्हणून उठवायचं. आणि त्यांच्या घराण्यात नेम असा की ज्यानं निजवलं त्यानंच उठवायचं. अंगात ताप असला तरी नाना पहाटे भिंतीला धरून देवळात यायचे. त्यांची भूपाळी त्यांच्याच घरची, दुसरीकडे कुठे ऐकायला मिळायची नाही. मुलगा विश्वेश्वर बँकेत. त्याला दोन ओळींपुढे येत नव्हती. "रिटायर झालो की शिकतो, बाबा," हे त्याचं पालुपद.

त्या दिवशी बाहेर दुर्गापूजेचे भोंगे नुसते बोंबलत होते. देवळात रेकॉर्डिंग होईना, म्हणून मुकुलनं नानांना आपल्या वरच्या खोलीत आणलं. खिडक्या बंद. मधोमध स्टँडवर माइक, त्याच्यावर वाऱ्याचा आवाज अडवायची करडी केसाळ टोपी. मी दूध घेऊन दारात उभा राहिलो, म्हणून सगळं बघितलं.

नाना म्हणाले, "मुकुल, इथे देव कुठाय? निजवू कोणाला?"

मुकुल हसला. माइकवर टिचकी मारली. "हाच देव समजा, नाना."

नाना हसले नाहीत. त्या माणसाला खोटंखोटं करताच यायचं नाही. हातपाय धुतले, माझ्या हातून वाटी घेतली, माइकपुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि डोळे मिटून सुरू केलं.

मध्येच मुकुलनं थांबवलं. "नाना, कवळी खटखट वाजतेय. काढून ठेवता?"

मला वाटलं, आता नाना उठून जातील. पण नाही. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं दात काढले, उपरण्याच्या टोकात बांधले. बोळक्या तोंडानं परत सुरुवात. शब्द फसफसायला लागले. "जवळ या नाना, अजून जवळ." तोंडातली लाळ त्या करड्या केसांवर ठिबकत होती. आणि हा, "वा! एकदा आणखी. आणखी एकदाच, नाना." शी! आजही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, पण ओकारी यायच्या आधी सुटतं ना, तसं.

शेवटी नाना धापा टाकत म्हणाले, "झालं. आता उठवतो."

"भूपाळी नको, नाना. भूपाळ्या भरपूर झाल्यात. दुर्गा घाटावर एक फर्स्टक्लास मिळालीय."

"अरे, निजवलाय ना मी त्याला!"

"झोपू दे की बिचाऱ्याला!"

मशीन बंद. नाना जिना उतरताना मला म्हणाले, "रत्नाकर, मी उद्या येऊन उठवतो रे. असं ठेवू नये." त्यांचा हात गार पडला होता.

तो उद्या काही आला नाही. रात्रीच नाना अंथरुणाला खिळले. विश्वेश्वर रोज आमच्या दारात. "मुकुल, बाबांनी एकच ध्यास घेतलाय. ते मशीन घेऊन ये, म्हणू दे त्यांना. नाहीतर जीव जायचा नाही त्यांचा." आणि हा गाढव रोज संध्याकाळी रामनगरला रामलीला रेकॉर्ड करायला. "उद्या नक्की, काका." कोजागिरीला नाना गेले. सगळी गल्ली मणिकर्णिकेवर होती. हा नव्हता. परत आलो तर वर कोणा मित्राला फोनवर रेकॉर्डिंग ऐकवत होता. "ऐक, थुंकीचा आवाज ऐक. काय टेक्स्चर आहे!"

आंघोळ करायची होती मला स्मशानातून येऊन. पण घाण खरी त्याची वाटली. देवाशपथ सांगतो, इतकी शिसारी मला आयुष्यात कोणाची आली नव्हती.

"फिर, मामा?"

सांगतो, रुची. वैकुंठ चतुर्दशीची रात्र. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी, घाटावर पोरं पणत्या मांडून नुकती पांगलेली. नंदा, म्हणजे तुझी मामी, म्हणाली, टाकी वाहतेय, वर जाऊन नळ बंद करा. मध्यरात्र उलटली होती. नळ बंद केला. खाली यायला वळलो.

मुकुलच्या खोलीत दिवा होता. दार उघडं. तो भिंतीला चिकटून बसलेला. हेडफोन जमिनीवर.

वास आला. नासलेल्या दुधाचा. त्यात पानाचा, म्हाताऱ्या तोंडाचा.

"काका... ऐका."

मी ऐकलं. श्वास. झोपलेल्या माणसाचा. ओला. छातीत कफ भरलेला. मध्येच ओठ चोखल्यासारखे... चप्... चप्... आणि पुन्हा श्वास.

"बंद कर ते."

"बंदच आहे. तार पण काढलीय."

त्यानं तार दाखवली. हातात होती.

मी माइककडे बघितलं. ती केसाळ टोपी... फुगत होती. बसत होती. फुगत होती.

मी तोंडावर धोतराचा सोगा दाबला.

मुकुल रडायला लागला. "उठवतो. मी उठवतो त्याला." लॅपटॉप ओढला. दुर्गा घाटावरची ती फर्स्टक्लास भूपाळी लावली. मोठ्यानं.

श्वास थांबला.

भूपाळी संपली.

शांत... खाली गंगेवर एक होडीसुद्धा नाही.

मग जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज. अगदी जवळ. माझ्या कानाशी.

"ही..."

...

"आमची... नव्हे."

आणि पुन्हा तो श्वास. सावकाश.

काय म्हणालास, प्रसन्न? नाही रे. नानांचा आवाज नव्हता. नानांचा असता तर मी तिथेच पाया पडलो असतो. कोणाचा होता ते मला विचारू नकोस.

उजाडायच्या आत मुकुल गेला. कपडे नेले, लॅपटॉप नेला. माइक आणि स्टँड तसाच. माइकपुढची दुधाची वाटी मी उचलली ती डोळे मिटून, आणि गंगेत सोडून आलो. मग विश्वेश्वरला बोलावलं. म्हटलं, बाबा रे, ही ब्याद उचल आणि प्रवाहात नेऊन टाक.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, हात जोडले. "काका, निजलेल्याचं विसर्जन कसं करू? आधी उठवावं लागतं. बाबांनी निजवलाय तो."

"मग उठव ना!"

विश्वेश्वर उंबऱ्याशी बसला. घसा खाकरला. दोन ओळी म्हटल्या, बापाच्याच सुरात, हुबेहूब. आत श्वास थांबला. मला स्वतःला ऐकू आलं, कोणीतरी कूस बदलली. मी म्हटलं, म्हण, म्हण पुढे! तो तोंड उघडून तसाच बसला. तिसरी ओळ येईना. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा कपाळ बडवून घेत रडला. "रोज पहाटे ऐकत होतो हो, काका. रोज." आत पुन्हा चप्... चप्... सुरू झालं. मी कुलूप घातलं.

आता विश्वेश्वर घरोघर फिरतो, कोणा म्हाताऱ्याला नानांची भूपाळी येते का विचारत. कोणाला येत नाही. आता तूही त्याच घरांत मशीन घेऊन जाणार आहेस, म्हणून सांगतोय. कोणी निजवलं तर उठवेपर्यंत हलू नकोस.

मागच्या आठवड्यात तू येणार म्हणून नंदानं हट्ट धरला, खोली झाडून घेऊ. दिवसाढवळ्या गेलो दोघं. सगळीकडे वर्षाची धूळ. स्टँडवर धूळ, तारेवर धूळ. वाटी नाही, दूध नाही, मांजर शिरायला फट नाही.

त्या केसाळ टोपीवर मात्र साय होती. पिवळसर, केशराची.

नंदानं पदरानं पुसली, तर कोमट लागली.