वाल्मिकची सही

उधन्याच्या लूमवर, शेठच्या कापडमागावर, वाल्मिक बारा वर्षं राबत होता. शेठनं बोट ठेवलं की सही करायची, एवढंच त्याला ठाऊक. शेठच्या परदेशी अजगराच्या कागदांवरही त्यानं अशीच मुकाट सही केली. असलं जनावर पाळायचं तर आता सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि शेठला स्वतःचं नाव नको होतं. अजगराच्या मानेत तांदळाएवढी चिप टोचली, तिचा नंबर कागदावर चढला, खाली वाल्मिकचा पत्ता. तपासणी त्याच पत्त्यावर व्हायची, म्हणून नऊ फुटी धूड काचेच्या पेटीसकट त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडलं.

"महिन्याचा तर प्रश्न," शेठ म्हणाला. महिन्याचा म्हणे! घरात सात वर्षांची पोर, हर्षदा. शाळेतून आली की काचेला गाल लावून बसायची.

एका दुपारी वाल्मिक पाळीवरून आला तर पेटीचं झाकण बाजूला, आणि हर्षदाच्या छातीपर्यंत अजगराचे वेढे. पोर रडत नव्हती. ते बघूनच त्याची पाचावर धारण बसली. लोखंडी दांड्यानं त्यानं जनावर ठेचलं, गावच्या रीतीनं तांब्याचं नाणं ठेवून जाळलं, राख खाडीत सोडली. पोरीला ओरखडाही नव्हता. देवानंच राखली, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

"चार दिन व्हयनात, पोरनी काहीच खादं नही," बायको चंचल म्हणाली.

"घाबरेल शे ती. खाई हळूहळू."

दहाव्या दिवशी हर्षदानं सहा अंडी न चावता गिळली. मग पुन्हा उपास. दिवसभर दारातल्या उन्हात अंगाची वळकटी करून पडायची. न्हाऊ घालताना तिच्या पाठीची साल अखंड चंचलच्या हातात आली. डॉक्टरनं मलम दिलं.

तपासणीच्या मॅडम सकाळीच आल्या.

"जनावर कुठंय?"

"पळालं," वाल्मिक म्हणाला.

मॅडमनी चिप वाचायचं यंत्र काढलं. खाटेखाली फिरवलं, माळ्यावर, मोरीत. काही नाही. दारातल्या हर्षदाला वळसा घालून त्या बाहेर निघाल्या.

यंत्र वाजलं.

त्यांनी ते पोरीच्या मानेजवळ नेलं. पुन्हा वाजलं.

चंचलनं पदर तोंडात कोंबला. ती माझी पोर आहे, असं वाल्मिकला ओरडायचं होतं.

मॅडमनी नंबर कागदाशी ताडून पाहिला. दोनदा. मग पेन उघडलं.

"शेवटचं कधी खाल्लं हिनं?"

"बारा दिवस झाले," वाल्मिक म्हणाला. आणि मॅडमनी बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली.